वरठीची बॅटरीवाली कुंताबाई

कुंताबाईच्या तोंडी लागू नये, हे वरठीत लहान पोरालाही ठाऊक आहे. तरी त्या मंगळवारी सहा घरं एकदम लागली.

बाई पंचेचाळिशीची. अंगाने किरकोळ, पण आवाज फलाटाच्या या टोकावरून त्या टोकाला जाणारा. वीस वर्षं तिने विड्या वळल्या. नवरा तुलाराम लोखंडाच्या कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली होता. त्याची कंबर गेली, तो घरी बसला, तेव्हा बाईने विड्यांचं सूप बाजूला सारलं आणि बॅटरीची रिक्षा घेतली. लोक हसले. पुढे हसणारेच स्टेशनाबाहेर हात दाखवून तिला थांबवायला लागले. तीन वर्षांत तिला शाळेची सहा मुलं मिळाली. स्टेशनाच्या भाड्याचा काही भरवसा नसतो, आज मिळालं तर उद्या नाही. घर चालायचं ते त्या सहा मुलांवर.

सोमवारी गावातल्या मोबाईलवर एक व्हिडिओ फिरला. कुठलीशी बॅटरीची मोटार भर रस्त्यात धडधडा पेटलेली. कुठली, कधीची, कोणी विचारलं नाही. मंगळवारी सकाळी पहिल्याच दारात गोदावरीबाई उभी. नातीचं दप्तर कुठे दिसेना.

"आज पोरगी नाही येत वो."

"काहून? ताप हाये का?"

"ताप नाही. तुही गाडी फुटते म्हणतेत."

सहा दारं, सहा नकार. रिकामी रिक्षा घेऊन बाई शाळेपुढे थांबली, तर ताराचंदची व्हॅन आली आणि तिच्यातून त्याच्या नेहमीच्या आठ मुलांबरोबर हिचीही सहा उतरली. चौदा लेकरं एका व्हॅनमध्ये! आणि ती व्हॅन चालायची गॅसवर. पंपावरच्या नव्हे, स्वयंपाकघरातल्या सिलेंडरच्या. ताराचंद रोज सकाळी समोरच्या काचेशी बसवलेल्या गणपतीपुढे उदबत्ती लावायचा, डोळे मिटून हात जोडायचा आणि मग गाडी सुरू करायचा. पुढे उदबत्ती जळतेय, मागे सिलेंडर, त्याच्यावर सीट, सीटवर पोरं. आणि गावाला भीती कशाची, तर कुंताबाईच्या बॅटरीची! मस्तक फिरणार नाही तर काय होईल?

"जाऊ दे न," तुलाराम म्हणाला. "चार दिवसांत भुलतीन लोक."

"भुलतीन. पण मी काहून वाट पाहू? माही गाडी का चोरीची हाये?"

लोक विसरले नाहीत. शनिवारी शाळा समितीचे अध्यक्ष पुंडलिकराव यांनी पालकांची सभा बोलावली. बॅटरीच्या गाडीला शाळेच्या फाटकात बंदी करायची, एवढाच विषय. कुंताबाईला बोलावणं नव्हतं. ती रिक्षा घेऊन थेट आवारात शिरली.

"कुंताबाई, तुह्यावर राग नाही कोणाचा," पुंडलिकराव समजुतीने म्हणाले. "पण बॅटरी म्हणजे बॉम्ब हाये. लेकराईचा प्रश्न हाये."

"म्हणूनच आली जी. माही बॅटरी पेटू शकते. नाही म्हणत नाही मी."

बाई भांडायला आली असं धरून बसलेले सगळे, आणि ही तर पहिल्याच वाक्यात कबूल.

"मागच्या साली मीच चुकली," ती म्हणाली. "घरात धानाची पोती होती. त्याच्यावर चार्जर ठेवला आन धूळ बसू नये म्हणून वरून बारदाना झाकला. जळका वास आला म्हणून वाचलो. त्या दिवसापासून चार्जिंग घराबाहेर, टिनाखाली. वायर वेगळी ओढली. जवळ पोतं नाही, वाळलं तणस नाही. मी जागी असल्याबिगर प्लग लागत नाही. बॅटरी पेटली का लवकर इझत नाही, मले मालूम हाये. म्हणून भेते मी, आन भेते म्हणून पाहते. आता तुमी सांगा, पेट्रोल का पानी हाये? पेट्रोलच्या गाड्या पेटत नाही का? पेटते. त्याचा व्हिडिओ कोणी धाडत नाही, एवढंच."

मग ती सरळ आवारात उभ्या असलेल्या ताराचंदच्या व्हॅनकडे गेली.

"ताराचंद, मागचं दार उघड."

"कायले?"

"उघड म्हणते न."

ताराचंदने पुंडलिकरावांकडे पाहिलं, पुंडलिकरावांनी जमिनीकडे. बाईने स्वतःच दार ओढलं आणि सीट उचलली. खाली लाल सिलेंडर, त्याला रबरी नळी, नळीला तारेचा पीळ.

कोणीही दचकलं नाही. एकाच्याही तोंडून अरे बापरे निघालं नाही. बाईला लागलं ते हेच.

"तुमाले माहीत होतं," ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "साऱ्याईले माहीत होतं."

"सवय झाली होती वो बाई," गोदावरीबाई पुटपुटली.

मग मुख्याध्यापिका रक्षा मॅडम उठल्या. असला सिलेंडर असलेली गाडी सोमवारपासून फाटकाच्या आत येणार नाही आणि कुंताबाईची रिक्षा येईल, असं त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. ताराचंद पाय आपटत निघून गेला. बाकीच्यांना हायसं वाटलं, पण लगेच प्रश्न उभा राहिला, चौदा मुलं जाणार कशी?

"त्यात का हाये," पुंडलिकराव म्हणाले. "कुंताबाईच्याच गाडीत बसवू. जरा दाटीवाटी केली त दहा-बारा सहज बसतेत."

घटकेपूर्वी जिला बॉम्ब म्हटलं, तिच्यातच आता बारा लेकरं कोंबायला निघाले! कुंताबाईला हसू आलं आणि हसता हसताच तिचा पारा चढला.

"सहा," ती म्हणाली.

"अवो, तुहाच फायदा हाये."

"फायदा मले समजते. माही गाडी हलकी हाये, जास्त भरली का वळणावर उलटते. सातवं पोट्टं बसणार नाही. तुमची नात असली तरी नाही."

पुंडलिकरावांची नात मोना आजवर व्हॅननेच जायची. त्यांच्याशी या सुरात बोलायची वरठीत कोणाची टाप नव्हती.

"पहिली फेरी साडेसहाले," बाई म्हणाली. "मंग दुसरी, मंग तिसरी. ज्याले पाठवाचं हाये त्यानं पाठवा."

सोमवारी साडेसहाला पुंडलिकरावांच्या दारापाशी पोचेपर्यंत रिक्षात सहा मुलं झाली होती. मोनाचं बोट धरून ते रस्त्यावरच उभे होते.

"एवढीशी त हाये," ते म्हणाले. "कोणाच्या मांडीवर बसन."

"दुसऱ्या फेरीले येते," बाई म्हणाली आणि थांबली नाही.

वाटभर ती हिशेब करत होती. अध्यक्षाला दुखवलं, आता पुढच्या सभेत हा माणूस आपल्याला जगू देतो की नाही कोण जाणे. मोनाला तो मोटारसायकलवर घालून घेऊन जाईल आणि त्याचं पाहून बाकीचेही तेच करतील. तरी परत जाऊन मुलीला कोंबावं असं तिला वाटलं नाही.

दुसऱ्या फेरीला ती आली तेव्हा मोटारसायकल दारातच होती आणि पुंडलिकराव होते तिथेच उभे होते. त्यांनी मोनाला उचलून आत बसवलं, मग वाकून आतली मुलं बोटाने एक एक करत मोजली. सहा भरली, तेव्हा त्यांनी मान हलवली आणि बाजूला झाले.