रसवंतीचा पहिला रेटा

लातूरला आमच्या क्लासच्या गल्लीत एक मावशी नवऱ्यासोबत हातानं फिरवायची रसवंती चालवायच्या. नाव कधी विचारलं नाही. नवा ऊस चरकात घातला की चाकाला पहिला रेटा नवरा द्यायचा आणि धापा टाकत बाकड्यावर बसायचा. पुढं दुपारभर पदर खोचून मावशीच फिरवत राहायच्या. पोरं नवऱ्याला हसायची.

एकदा मी ताजा धडा ऐकवला. "मावशी, बाईत आन गड्यात जनुकं जवळपास सारखीच. हार्मोन स्नायूतली काही जागी करतात, काही निजवतात. म्हणून गड्याचा जोर मोठा, बाईचा दम लांब."

चाक न थांबवता मावशी म्हणाल्या, "मंग हसता कशाला रं? त्यांच्या रेट्याबिगर मी काय फिरवू?"

नवरा गालात हसला. त्या दिवशी माझा ग्लास त्यानंच भरला, बिनबर्फाचा, काठोकाठ.