तिळवणीच्या तीन चिठ्ठ्या

कुसुम भास्कर अहिरराव, हा लेख तुझ्याकडून मागितला होता. गौरवग्रंथ समितीचे पत्र तुझ्या नावाने आले. ते तू दोनदा वाचलेस, माझ्याकडे सरकवलेस आणि म्हणालीस, "ताईंवर मी काय लिखू? तुम्हीच लिखा. पन मन्हं काही खोडू नका." तू बरी होशील असे त्या दिवशी आपण दोघेही धरून चाललो होतो. भाद्रपदात तू गेलीस. लेख मी लिहीत आहे. तुझे लिहिलेले मी खोडले होते, हेही याच लेखात सांगावे लागेल, कारण ती चूक ज्यांनी मला दाखवली त्यांचाच हा गौरव आहे.

प्रा. विमलताई ठोसर यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या विद्यार्थ्यांनी आणि सहकाऱ्यांनी त्यांच्या अध्यापनाविषयी या ग्रंथात लिहिले असेलच. मी वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी नव्हे. सुरतेजवळ पलसाण्याच्या एका रंगाई कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी नोकरी केली. ताईंची माझी ओळख पत्नीमुळे झाली आणि ती पत्नीपुरतीच राहील, असे मला पुष्कळ वर्षे वाटत होते.

त्याला आता बारा वर्षे झाली. पौषातल्या एका रविवारी सकाळी सुरतेतल्या गोडादऱ्यात आमच्या सोसायटीशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर एक वयस्क बाई विटांच्या तुकड्यांवर गुडघे टेकून बसलेल्या मला दिसल्या. डोळ्याला भिंग होते. कर्णफूल पडले असावे, असे वाटून मी विचारले, "मावशी, काही हरवलंय का?"

वर न बघताच त्या म्हणाल्या, "हरवलं नाही, सापडलंय. जरा सावली बाजूला घ्या."

मी बाजूला झालो. प्लॉटच्या कडेला किराणा दुकानाची मागची भिंत होती. दुकानातला केर तिथे पडे आणि त्यातून मोहरी उगवून फुलली होती. तिच्या बुंध्याशी बोटभर उंचीचे एक तण जमिनीला चिकटून पसरले होते. ताई ते तण पाहत होत्या. तेवढ्यात माझ्यामागून कुसुम आली, खाली वाकली, त्या तणाचे पान तोडले आणि सरळ दाताखाली धरले.

"अगं, कुत्री फिरतात इथे," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे लक्ष दिले नाही. ताईंना म्हणाली, "हळीवना वास शे. मोहरीना घरनीच शे ना ही?"

ताईंनी प्रथमच मान वर केली. "कुठल्या तुम्ही?"

"धुळ्याकडली."

"रविवारी मोकळ्या असता का?"

"रविवारी घरी पाहुणे..." मी सांगू लागलो.

"शे मोकळी," कुसुम म्हणाली.

ताईंचे निवृत्तीनंतरचे काम त्या दिवसापासून आमच्याही घरात आले. सुरतेच्या आसपास आपोआप उगवणारी मोहरीच्या कुळातली फुले आणि त्या कुळाचे नातलग त्यांना नोंदवायचे होते. सोबतीला त्यांनी गोडादऱ्यातल्या आठ-दहा बायका घेतल्या. घरी साड्यांचे धागे कापणाऱ्या, टिकल्या चिकटवणाऱ्या या बायका होत्या. तापीचा गाळ, चलथाणकडचे उसाचे बांध, रेल्वेच्या मालधक्क्यामागची जागा, सगळीकडे त्या हिंडत. आणलेली झाडे वर्तमानपत्रात दाबून वाळवत आणि जाड कागदावर डकवत. हा संग्रह गोडादऱ्यातल्या जीवणभाईंच्या घरी वरच्या मजल्यावर एका खोलीत राही. जीवणभाई एकदा दारातून म्हणाले, "बेन, आ घास छे के सोनुं?" ताई उत्तरल्या, "सोनुं होत तो लॉकरमां मूकत."

ताईंचे शिकवणे मी त्या खोलीच्या दाराशी उभा राहून ऐकले आहे. कुसुमला घरी न्यायला आलो आहे, असे मी सांगत असे. पाकळ्या चार, फुलीसारख्या समोरासमोर. पुंकेसर सहा, त्यांतले चार लांब आणि दोन आखूड. शेंग उकलली की आत मधोमध पातळ, चकचकीत पडदा. एवढे जुळले की ती मोहरीच्या घरची. मग नातलगांची पाळी येई. वाघाटी जवळची, शेवगा आणि पपईसुद्धा दूरचे गणगोत, असे ताईंनी सांगितले त्या दिवशी कुसुम म्हणाली, "म्हनजे शेवगाना आमटीले मोहरीनी फोडणी दिधी का घरमाच लगीन!" खोली हसली. ताई सर्वांत शेवटपर्यंत हसत होत्या, आणि पुढच्या रविवारी त्यांनी नातेसंबंध याच वाक्यापासून पुढे शिकवले.

त्यांचा एक नियम होता. झाड ज्या बाईने प्रथम पाहिले, तिचेच नाव कागदावरच्या चिठ्ठीवर संग्राहक म्हणून जाई आणि वर्णनही तिने आपल्या शब्दांत लिहायचे. ताईंचे नाव खाली, लहान अक्षरात. कुसुम सातवीपर्यंत शिकलेली. पहिल्या चिठ्ठीसाठी तिने पूर्ण नाव वहीच्या पानभर गिरवले. मी जोडाक्षर सुधारून दिले, तर म्हणाली, "तुम्हले बठ्ठं खोडानी सवय शे." सगळेच खोडायची सवय मला खरेच होती. रंगाईच्या कामात नमुन्याच्या तुकड्याशेजारचा एक आकडा चुकला तर सगळा कापडाचा लॉट वाया जातो. मी घरीही तसाच वागत आलो. तिच्या अहिराणीलाही मी चार लोकांत शुद्ध करीत असे.

ती आजारी पडली, तेव्हा ताई दर गुरुवारी यायच्या. रिक्षा चौकापर्यंतच मिळे, पुढे त्या चालत येत. हातातल्या डब्यात ओल्या रुमालात गुंडाळलेली एखादी डहाळी असे. कुसुमने डोळे मिटून, वासावरून ती ओळखायची, असा दोघींचा खेळ होता. प्रकृती कशी आहे हे ताईंनी तिला एकदाही विचारले नाही. ते त्या जिन्यात मला विचारत. एका गुरुवारी कुसुमने डहाळी नाकाशी नेली आणि डोळे उघडले.

"ताई, हाई रानमातलं नही. कोनाना परसमातला मुळा शे."

"शेजाऱ्यांचा आहे," ताई म्हणाल्या. "गुडघे धरलेत गं. या आठवड्यात लांब जाता आलं नाही."

"ईचारी लिधं का चोरी लिधं?"

"फूल विचारून घेतलं. शेंग नाही विचारली."

त्या दिवसांत कुसुम पोटभर हसली असे दिवस थोडे. हा त्यांतला एक.

ती गेल्यानंतर काही आठवड्यांत जीवणभाईंच्या मुलाला खोली हवी झाली. ताईंचा संग्रह एका महाविद्यालयाने स्वीकारला होताच. कागद बांधून तयार करायचे होते. ताईंनी मला विचारले, "भास्करराव, दुपारी येऊन नुसतं बसाल का? मोजायला सोबत होईल." मला घरात राहवत नव्हते, हे त्यांनी जाणले असावे. मी जाऊ लागलो. एका आठवड्यात त्यांचे गुडघे पुन्हा सुजले आणि खोलीत मी एकटाच होतो.

कुसुमच्या एकेचाळीस चिठ्ठ्या होत्या. परक्या महाविद्यालयातले लोक तिच्या अक्षराला, तिच्या भाषेला हसतील, असे माझ्या मनात आले. मी टीपकागद ओला करून एकेक चिठ्ठी सोडवली आणि त्या जागी सुवाच्य अक्षरात, प्रमाण मराठीत नवी डकवली. तिचे नाव ठेवले. तिच्यासाठी मी करू शकेन असे हे शेवटचे काम आहे, असे मला वाटत होते.

टेम्पो दारात लागला त्या सकाळी ताई काठी टेकत जिना चढून आल्या. शेवटचा गठ्ठा त्यांनी सहज उघडला. पिवळ्या तिळवणीचा कागद वर होता. चलथाणच्या बांधावर कुसुमनेच ती पाहिली होती. ताईंनी चिठ्ठी वाचली, मग भिंग लावून पुन्हा वाचली.

"'रानमोहरी. कूळ मोहरीचे.' हे कोणी लिहिलं?"

"मी. तिथे काहीतरी अशुद्ध लिहिलं होतं. सोयरी की काय."

"काय लिहिलं होतं, नीट आठवा."

मला पाठ होते. "मोहरीनी सोयरी. शेंगमा भित नही."

ताई खुर्चीवर बसल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "भास्करराव, तिळवण मोहरीच्या कुळातली नाही. कूळ निराळं, पण सर्वांत जवळचं. म्हणजे सोयरीच. शेंग वरून मोहरीसारखी दिसते, पण उकलली की आत पडदा नसतो. 'शेंगमा भित नही.' वर्गात हे सांगायला मला एक तास लागायचा. जुन्या चिठ्ठ्या कुठे आहेत?"

"घरी. तिच्या शिवणाच्या डब्यात." टाकायचे मला धैर्य झाले नव्हते.

"घेऊन या."

अजून किती वेळ, म्हणून खालून टेम्पोवाल्याने हाक मारली, "काका, केटली वार?"

"बेटा, गाडी बंद कर," ताई खिडकीतून म्हणाल्या. "हजी एक बेन आववानां बाकी छे." अजून एक बाई यायच्या राहिल्या होत्या.

मी घरी जाऊन डबा आणला. दोन तास गाडी थांबली. एकेचाळीस चिठ्ठ्या मी माझ्या हाताने, माझ्या चिठ्ठ्यांशेजारी, पुन्हा डकवल्या. तिळवणीच्या कागदावर आलो, तेव्हा माझी चुकीची चिठ्ठी काढू लागलो. ताईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"ती राहील. आमच्यात लावलेली चिठ्ठी काढत नाहीत, चुकीची असली तरी. दुरुस्ती शेजारी लावायची, आपल्या नावानं. तिची काढलीत तिथे नियम मोडलात. आता स्वतःची काढून पुन्हा मोडू नका."

मग त्यांनी कोरा तुकडा घेतला आणि तिसरी चिठ्ठी लिहिली : 'पहिली चिठ्ठी बरोबर. वि. ठोसर.' ती आम्हा दोघांच्या चिठ्ठ्यांखाली लावली. त्या कागदावर आता कुसुमचे बरोबर आणि माझे चूक शेजारी शेजारी आहे आणि तसेच राहणार आहे. इतक्या वर्षांच्या संसारात मी तिचे जे जे सुधारले, त्याचा निकाल इतक्या सौम्य शब्दांत लावणारे दुसरे कोणी मला भेटले नाही.

विमलताईंना उत्तम आरोग्य लाभो. त्यांचे गुडघे त्यांना तापीच्या गाळापर्यंत नेवोत आणि तिथून परत उठू देवोत. अजून पुष्कळ पौषांची मोहरी त्यांनी भिंगातून पाहावी आणि आमच्यासारख्यांना सावली बाजूला घ्यायला सांगत राहावे. कुसुमने हा लेख लिहिला असता तर तो याहून आखूड झाला असता आणि त्यात एकही खाडाखोड नसती. माझ्या हस्तलिखितात पुष्कळ आहे; ती मी तशीच दिसू दिली आहे.

टेम्पो गेल्यावर ताईंनी रिकाम्या खोलीतून एकदा नजर फिरवली आणि खिडकी लावून घेतली. मी दाराला कुलूप घातले, ओढून पाहिले, आणि खाली जाऊन दोन्ही किल्ल्या जीवणभाईंच्या हातात परत दिल्या.