दिव्याची टोपी

कारेगावचे मेहमूदमामा म्हणजे उघड्या डोळ्यांनी स्वप्नं बघणारा माणूस. कारखान्यात मेंटेनन्सला उभा जन्म गेला, पण कवडशाकडे बघत बसले की हातातला चहा गार.

त्यांची बायको खातूनमामी क्रोशाच्या जाळीदार टोप्या विणायची. ईदला कारेगावातली निम्मी डोकी तिच्या हातची. मग तिच्या डोळ्याच्या पडद्याला काहीतरी झालं. डॉक्टर म्हणाले, आहे ती नजर टिकेल, पण बारीक कामाला भक्कम उजेड लागेल. मामीनं सुई कपाटात टाकली. तिचे रिकामे हात मामांना बघवेनात.

म्हणून त्यांनी दिवाच बनवायला घेतला. दोन दांडग्या एलईडी आणल्या. ही जात मोठी हावरट, मिळेल तेवढा करंट पीत सुटते आणि त्यातच मरते. म्हणून मध्ये मापून पाजणारा रेग्युलेटर घातला. राहिली धग. ती एलईडीच्या पाठीतून निघते, तिला वाट द्यावी लागते. त्यासाठी भंगारातून जुन्या लुना मोपेडच्या इंजिनाचं हेड आणलं, गोल, ॲल्युमिनिअमच्या पात्यापात्यांचं. एलईडी आणि रेग्युलेटर त्यावर कसले. पात्यांतून वारा फिरला की दोघं गार.

सांजेला दिवा लावला आणि घोडनदीत बुडी मारून डोळे उघडल्यागत सगळी खोली उजळून तरंगायला लागली. मामीनं कपाटातून सुई काढली. दौंडला दिलेल्या लेकीच्या, सुफियाच्या पोराला टोपी होणार, असं मामांनी मनाशी धरलं आणि मामीच्या बोटांकडे बघता बघता त्यांना गोड पेंग आली.

थोड्या दिवसांत दिवा मंद झाला, मग एक एलईडी गेलीच. मामांनी ती बदलली, करंट उतरवला. तरी रोज मशिदीतून परत यावं तर उजेड सुकलेला आणि हेड हात लावू देत नाही. आता बोला! सगळं आयुष्य मशिनी दुरुस्त केलेल्या माणसाला घरचा दिवा जुमानेना. हा दिवा गेला की ती सुई पुन्हा कपाटात जाणार, या धास्तीनं त्यांना घास जाईना.

एके सांजेला ते लवकर परतले. दिवा जळत होता आणि त्याच्या डोक्यावर, पाती पार झाकून, नवीकोरी पांढरी टोपी. मामांची चाहूल लागताच मामीनं ती काढायला हात घातला. रोज अशीच काढून ठेवत होती, मामांच्या तेलकट हातांनी मळू नये म्हणून.

मामांचा पारा चढला. ओरडायला तोंड उघडलं, तोवर मामीच म्हणाली, "उघडंबोडकं बरं दिसंना वो. टीव्हीला कव्हर हाय, मिक्सरला हाय. आन् ज्यानं मला डोळं दिलं, त्यालाच न्हाई?"

टोपीनं वारा कोंडतो, दिव्याला उघडंच ठेवावं लागतं, हे मामांनी हळू आवाजात समजावलं. मग टोपी काढून स्वतःच्या डोक्यावर घातली. हेडातलं जुनं ऑइल तापून तिच्यात उतरलं होतं, माथ्यावर तळहाताएवढा काळा डाग.

मामीनं चाचपून टोपी नीट बसवली. त्या सुकलेल्या उजेडात तोंड जवळ आणून बघितलं.

"खराब तर न्हाई ना झाली?"

"न्हाई गं," मामा म्हणाले. "दुधासारखी पांढरी हाय."

ईदला ते तीच घालून गेले.