जिंकून देणारा बॅचलर

आमच्या मराठी मंडळाच्या कबड्डी कप्तानाने माझ्या तमिळ रूम-पार्टनरला फसवलं. सौदा मी जुळवला होता, म्हणजे मलाही फसवलं.

मी इथे आखातात एसी मेकॅनिक म्हणून आलो, आता स्वतःचं दुकान आहे. खोली मात्र तीच, कारण भाडं मी भांडून पाडून घेतलंय. पार्टनर स्कॅफोल्डिंग बांधतो.

कप्तान आयटीतला. त्यानेच आम्हाला सगळ्यांना एका तमिळ पिक्चरला नेलं. मिठागरावरच्या मजुराचा पोरगा सावकाराच्या कबड्डी संघात जागा मिळवतो, अशी गोष्ट. कप्तान ढसाढसा रडला. माझा पार्टनर हसत होता. "भाई, हीरो का पकड़ एकदम ढीला है." गावाकडे तो खरोखरचा खेळलेला.

कप्तानाने ते ऐकलं आणि त्याच्या खांद्यावर हात टाकला. समैस्माच्या किनाऱ्यावर शुक्रवारी मॅच होती.

मी मध्ये पडलो. "बदली म्हणून येणार नाही. जर्सी सगळ्यांसारखी, पहिली चढाई त्याची. जिंकलात तर जेवणाच्या वेळी सगळ्यांसमोर कप आधी त्याच्या हातात."

"काका, डन! इन्शाल्ला कप आपलाच."

आणि झालाही. शेवटच्या चढाईत तिघे पार्टनरला लोंबकळले होते, तरी गड्याने सगळ्यांना ओढत मध्यरेषेला हात लावला. कप्तानाने त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं. माझा घसा ओरडून बसला.

संध्याकाळी जेवण अल गराफातल्या एका कंपाउंडमध्ये, म्हणजे बंगल्यांच्या गेटबंद वसाहतीत, कप्तानाच्या मित्राच्या व्हिलात. गेटवर वॉचमनने हात आडवा केला. "फॅमिली ओन्ली."

माझी लेक कॉलेजात शिकते, पण बायको सांगलीत, म्हणून इथे मी बॅचलर. पार्टनरही तसाच.

कप्तान बाहेर आला. "काका, कंपाउंडचा रूल आहे हो. मी दोन प्लेट बाहेर पाठवतो."

"प्लेट? याने तीन गडी अंगावर घेतले, तेव्हा विचारलं होतंस का, तुझी बायको कुठंय म्हणून?"

वॉचमनला हसू आवरेना. कप्तान खाली बघत आत गेला. मी गेटवर चढायच्या बेतात होतो, तर पार्टनरने माझी कॉलर धरली. "खलास, भाई. इंटरवल तक हीरो बाहर ही रहता है. यल्ला, चलो, भूख लगा."

बिन महमूदमधल्या त्याच्या ओळखीच्या हॉटेलात आम्ही परोटे हाणले. जर्सी बघून वेटर जमले. पार्टनरने टेबलांच्या मधून चढाई करून दाखवली, आचारी झारा घेऊन पकडायला धावला, सांबाराची बादली उलटली. मालक आधी ओरडला, मग स्वतःच लुंगी खोचून मैदानात उतरला. इतकं मी इथे कधी हसलो नव्हतो.

कप आता कप्तानाच्या हॉलमध्ये आहे. पार्टनरने त्याला अजून बोटही लावलेलं नाही. आणि काल कप्तानाचा फोन. "काका, पुढची मॅच आहे, त्याला पाठवा ना."

पार्टनर तयार आहे. म्हणतो, "जाने दो भाई, खेलना है." खेळेल तो. पण कप्तानसाहेब, जेवणाची जागा तुम्ही ठरवलीत, रूल तुम्हाला ठाऊक होता. वाळूवर जो आपला होता, तो गेटवर परका कसा झाला? फोनवर सांगू नका. मंडळाच्या सभेत उभे राहा, त्याच्या तोंडाकडे बघा आणि उत्तर द्या.