नावाड्याचा निरोप

“मी तुला विचारलं होतं का? सांग ना, विचारलं होतं?”

“आई, तीन आठवडे तू त्या एका बगळ्यापाशी अडकून पडली होतीस.”

“अडकले नव्हते. त्याची खोडी ओळखत होते.”

“सव्वीस वेळा मेलीस तू तिथे!”

“सत्तावीस. मोजायचंच तर नीट मोज.”

मी मुळे सोलत होते, ते तसेच टाकून दारात आले. माझा नवरा नोरिहिरो, वय सत्तेचाळीस, अवजारांच्या कारखान्यात हाताखाली बारा माणसं, तो खोलीच्या मधोमध नुसत्या मोज्यांवर उभा होता; बाईंनी वर्गात उभं केलेल्या मुलासारखा. सासूबाई कोतात्सुच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बुटक्या टेबलाच्या, रजईत पाय घालून बसल्या होत्या, पण अंगातला कोट काढला नव्हता. हाडांच्या दवाखान्यातून येऊन त्यांना पाच मिनिटंही झाली नव्हती. उजव्या अंगठ्याला नवी पांढरी पट्टी होती. समोर टीव्हीवर धुक्यातलं एक बंदर दिसत होतं. सकाळी नऊला त्या घरातून निघाल्या, तेव्हा त्यांचा गेममधला नायक नदीच्या अलीकडे होता.

तेवढ्यावरून मला सगळं कळलं.

‘मिठाची वाट’ हा गेम आमच्या घरात माझ्याही आधीपासून आहे. एक साधा मुलगा मिठाच्या गोण्या घेऊन गावोगाव निघतो, वाटेत सोबती मिळतात, राक्षस भेटतात, लढता लढता तो आणि त्याचे सोबती हळूहळू तयार होतात. प्रत्येक भागात मुलगा नवा आणि मुलूख नवा. सासूबाईंचा अकरावा भाग चालू होता. त्यात मध्यावर एक मोठी नदी येते आणि उतारावर लोखंडी बगळा वाट अडवून बसतो. सासूबाई दवाखान्यात असताना नोरिहिरोने तो बगळा मारला, नदी ओलांडली, आणि गेमने त्याची नोंद करून टाकली. मागे जायची सोय नाही. गेममध्ये नोंदीसाठी तीन जागा असतात, पण सासूबाई एकच वापरतात. पहिल्या भागात एकच जागा होती, तेवढ्यात भागलं होतं, असं त्यांचं म्हणणं.

“तू माझ्यासाठी पाच वर्षं हेच केलंस ना,” नोरिहिरो म्हणाला. “मग मी एकदा केलं तर काय बिघडलं?”

“हेच?” सासूबाईंनी कोटाची बटणं सोडायला घेतली आणि अंगठा दुखला म्हणून तशीच ठेवली. “मी हेच केलं?”

हे त्या दोघांचं जुनं प्रकरण आहे. माझ्या सासूबाईंचं नाव तोकिए. आमचं त्सुबामे म्हणजे चमच्या-काट्यांचं गाव. तेव्हा घरोघरी बायका कारखान्यातून आणलेले चमचे पातळ कागदात गुंडाळून खोक्यात भरायचं काम करत. नोरिहिरो दहा वर्षांचा होता. पहिला भाग आला, तसा सगळ्या वर्गाला त्याचं वेड लागलं. पण नायक तयार करायचा तर गावाबाहेरच्या माळावर तासन्‌तास बारीकसारीक राक्षस मारत बसावं लागे, आणि हा तर तीनपर्यंत शाळेत. मग त्याने आईला शिकवलं. कुठलं बटण हल्ल्याचं, कुठलं औषधाचं. टीव्हीवर एक चिठ्ठी चिकटवली: ‘आई, फक्त माळावर. पूल ओलांडायचा नाही.’

सासूबाई डाव्या हाताला चमच्यांचं खोकं घेऊन बसत. एक बटण दाबायचं, एक चमचा गुंडाळायचा. राक्षस आपली पाळी येईपर्यंत उभा राहायचा. चुलीवर मिसोचं सूप उतू जायला लागलं तर उठून जायचं, परत यायचं, तो तिथेच. “घरात दुसरं कोण माझ्यासाठी असं थांबत होतं?” त्या मला एकदा म्हणाल्या होत्या. “सासरे थांबत नव्हते, नवरा थांबत नव्हता, कारखान्याचा टेम्पो तर नाहीच नाही. माळावरचा तो हिरवा बेडूक-राक्षस तेवढा थांबायचा.”

एकदा चुकून पूल ओलांडला गेला. पलीकडच्या गावातली दोन माणसं बोलली, गोष्ट पुढे सरकली. नोरिहिरो शाळेतून आला आणि दप्तरासकट जमिनीवर लोळून रडला, रात्री जेवलाही नाही. त्यानंतर पाच वर्षांत त्यांनी एकदाही पूल ओलांडला नाही. चौथा भाग आला तेव्हा मात्र त्यांनी स्वतःचा वेगळा विकत आणला. दुकानाबाहेर पहाटेपासून पोरांची रांग होती, त्यात पिशवीतून कांद्याची पात बाहेर आलेल्या या एकट्या बाई. दुकानदार म्हणाला, मुलासाठी वाटतं? या म्हणाल्या, मुलाने त्याचा त्याचा घ्यावा.

तेव्हापासून प्रत्येक भाग त्यांनी खेळला. त्यांच्याकडे चौकटींच्या वह्या आहेत. त्यांत पेन्सिलीने काढलेले तळघरांचे नकाशे, आणि गावातलं कोण माणूस काय म्हणाला त्याच्या नोंदी. त्या प्रत्येक माणसाशी बोलतात. विहिरीवरच्या बाईशी, गोठ्यातल्या म्हाताऱ्याशी, आणि गावात काही घडलं की पुन्हा सगळ्यांशी, कारण घडल्यावर माणसं वेगळं बोलतात. त्यांच्या मते गेमची खरी परीक्षा तीच. राक्षस कुणीही बनवेल. पण राजा मेल्यावर पाववाली काय म्हणते हे ज्याने लिहून ठेवलंय, त्याने मनापासून काम केलं.

नव्या गेमांबद्दल त्यांचं मत फार बरं नाही. गेल्या वर्षी नोरिहिरोने एक दुसऱ्या कंपनीचा आणला होता, फार गाजलेला. तो टीव्हीवर उतरवून घ्यायलाच अख्खी दुपार गेली. त्यात नायकाच्या नाकावरची छिद्रंसुद्धा दिसत होती. “याला तोंड धुवायला सांग,” एवढंच त्या म्हणाल्या. जमिनीवर पिवळा बाण येऊन कुठे जायचं ते दाखवायचा. “म्हणजे मी काय गाय आहे, मला दोरीने न्यायला?” आणि लढाईत कोण कुणासाठी थांबत नव्हतं. सगळे एकदम अंगावर येत होते, उडी मारा, लोळा, ढाल पुढे करा. अर्ध्या तासात त्यांनी कंट्रोलर खाली ठेवला आणि अंगठा चोळत बसल्या. पण आवडलं नाही म्हणून नव्हे, जमलं नाही म्हणून ठेवला, हे त्यांनी लपवलं नाही. तो प्रामाणिकपणा त्यांच्यात आहे.

“आई, मी तुला मदत केली,” नोरिहिरो म्हणाला. आवाज आता जरा खाली आला होता.

“मदत मी करत होते. तुझ्या त्या गेममधल्या पोराला मी माळावर दूध पाजून मोठा केला. त्याच्या लढाया तुला ठेवल्या. एक तरी मी घेतली का?”

आमची वाकाना, सतरा वर्षांची, रजईच्या दुसऱ्या बाजूला पालथी पडून फोन बघत होती. ती मान न उचलता म्हणाली, “बाबा, कबूल कर आणि मोकळा हो. तू हरलायस.”

“तू गप बस. तुला अभ्यास नाही?”

“आहे. पण हे जास्त चांगलं चाललंय.”

सासूबाईंनी टीव्हीकडे पाहिलं. धुक्यात होडी बांधलेली होती आणि तिच्यात कुणी नव्हतं.

“नावाडी कुठे गेला?” त्यांनी विचारलं.



नावाडी मलाही माहीत होता. तीन आठवडे जेवताना आम्ही त्याच्याबद्दल ऐकत होतो. चिडका म्हातारा, दर वेळी काहीतरी वेगळं बोलायचा. सासूबाई प्रत्येक हारीनंतर परत जाऊन त्याच्याशी बोलत, आणि वहीत लिहीत. एकदा म्हणाला, माझ्या बायकोला पाण्याची भीती वाटायची. एकदा म्हणाला, तुम्ही लोक फार घाई करता. नदी ओलांडली की तो सोबत सोडणार हे त्यांना कळलं होतं, कारण कायमच्या सोबत्यांच्या यादीत त्याच्या नावाला जागाच नव्हती. काय बोलून जाईल याची त्या वाट पाहत होत्या.

“तो उतरला,” नोरिहिरो म्हणाला. “बंदरावर.”

“ते दिसतंय मला. काय म्हणाला?”

“म्हणाला... बरंच काही म्हणाला. म्हणजे, निरोप घेतला.”

“काय शब्द होते?”

“आई, मी बटण दाबत गेलो. तू यायची वेळ झाली होती. मी भराभर पुढे नेलं.”

वाकानाने फोन खाली ठेवला.

“आजी,” ती म्हणाली, “इंटरनेटवर असेल ना ते. लोक पूर्ण गेम खेळून त्याचा व्हिडिओ टाकतात. दोन मिनिटांत शोधते.”

“नको. मला कुणा परक्याच्या घरातला नावाडी नको.”

मग मीच बोलले. मी सहसा या दोघांच्या मधे पडत नाही. वीस वर्षांत तेवढं शिकले आहे. पण मुळ्याचा वास हाताला होता, भूक लागली होती, आणि मला नवऱ्याचा स्वभाव माहीत होता. “खरं सांग,” मी म्हटलं. “गुरुवारी बारावा भाग येतोय. तू दोन महिने आधी नाव नोंदवून ठेवलंयस. गुरुवार-शुक्रवार रजा टाकलीयस. तुला टीव्ही रिकामा हवा होता.”

त्याचे कान लाल झाले. “तेही होतं,” तो म्हणाला. मग आईच्या समोर गुडघ्यांवर बसला. “पण नुसतं तेच नाही. बारावा मी दुकानात खेळून बघितला. तो थांबत नाही, आई. कंपनीने पाळीपाळीने लढणं काढून टाकलं. सगळं एकदम चालतं. तुझा हात हा असा. बारावा तुला जमणार नाही. तेराव्याचं तर विचारूच नकोस. मग वाटलं, हा अकरावा तरी तुझा शेवटपर्यंत व्हावा. नाहीतर तू त्या बगळ्यापाशीच राहशील आणि...”

“आणि मी मरेन,” सासूबाई म्हणाल्या.

“मी तसं म्हटलं नाही.”

“म्हणत होतास. डॉक्टर आज तेच म्हणाले, जरा गोड करून. म्हणाले, अंगठ्याचा सांधा झिजलाय, आता खेळणं-बिळणं कमी करा, टीव्ही बघा. मी म्हटलं, बघतेच की.”

त्यांनी रिमोट घेऊन टीव्ही बंद केला. “हा शेवटचाच,” त्या म्हणाल्या, स्वतःशी नव्हे, आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं. “ते मला कळलं होतं. म्हणूनच मी सावकाश खेळत होते. तू काय समजलास, मला तो बगळा मारता येत नव्हता?”

“येत नव्हता,” नोरिहिरो म्हणाला.

“हो, येत नव्हता,” त्यांनी मान्य केलं. “पण घाई कुणाला होती?”

मी जेवण वाढलं. खारवलेला साल्मन, मुळ्याचं मिसो, भात. आमच्या घरात भांडण झालं तरी जेवण एकत्रच होतं. कोतात्सु एकच आहे आणि बाहेर नोव्हेंबर. सासूबाई डाव्या हाताने माशातले काटे काढत होत्या, फार हळू. नोरिहिरोने आपली ताटली पुढे केली, काटे काढलेली. त्यांनी ती परत ढकलली. वाकाना खुदकन हसली आणि बापाचा चेहरा बघून गप्प झाली.

जेवताना मी नवऱ्याकडे बघत होते. लग्नानंतर आम्ही पहिलं कपाट आणलं, तेव्हा याने जोडणीचा कागद मागच्या पानापासून वाचायला घेतला होता आणि दारं आधी लावली होती. माझं वाक्य याला अर्ध्यातच कळतं. पोरीचं गणित हा उत्तराकडून समजावतो. आज पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की लहानपणी रोज तीन वाजता या माणसाच्या हातात तयार नायक मिळत होता. माळावर तो कधी गेलाच नाही. त्याच्या दृष्टीने गेम म्हणजे बगळा.

“तो माळावरचा भाग,” तो एकदम म्हणाला, जणू माझ्या मनातलं ऐकलं, “तुला कंटाळा नाही यायचा?”

“यायचा की,” सासूबाई म्हणाल्या. “फार यायचा. पण तू दप्तर टाकून आधी नायकाच्या ताकदीचा आकडा बघायचास आणि ओरडायचास. ते ऐकायला मी हातातलं काम टाकून बसलेली असायचे.”

नोरिहिरोने वाडगा तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली घेतला नाही.

“मी पुन्हा बगळ्यापर्यंत नेऊन देतो,” शेवटी तो म्हणाला. “पहिल्यापासून. नवीन नोंद करून. चार-पाच दिवसांत नेतो.”

“आणि बटणं दाबत जाशील.”

“नाही दाबणार.”

“दाबशील. तुला राहवत नाही.”

“मग काय करू सांग ना!”

सासूबाईंनी चॉपस्टिक्स ठेवल्या, पट्टीच्या हाताने चहाचा पेला उचलून बघितला, जमला, आणि दोन घोट घेऊन परत ठेवला.

“ऐका सगळे,” त्या म्हणाल्या. “सोमवारपासून मी अकरावा भाग पहिल्यापासून खेळणार आहे. सकाळी दहा ते बारा टीव्ही माझा. गावातल्या माणसांशी मी बोलणार आणि मोठे राक्षसही मीच मारणार, मग अठ्ठावीस वेळा मेले तरी चालेल. मधली किरकोळ मारामारी अंगठ्याला झेपत नाही, ती नोरिहिरो करील. गुरुवार-शुक्रवार त्याची रजा आहेच. बारावा भाग आला की कपाटात जाईल, आणि नावाड्याचं बोलणं मी ऐकेपर्यंत या घरात तो कुणी उघडायचा नाही.”