बाटलीतल्या पेशी

आमच्या प्रयोगशाळेत माणसं मोजकी, किस्से मात्र गोणीभर. रोज झाडून काढले तरी कोपऱ्यात चार उरतातच. मी तिथे मदतनीस. शिक्षण चौथी, पण शिस्त माझी चालते.

इमारत वाशिंदला, कारखान्यांच्या मागे. तिथे मॅडम रक्तवाहिनीच्या पेशी बाटलीत वाढवतात. पेशीला पातळ कातडी असते. बाटलीत वाढवताना काय केलं की ती कातडी बदलते, हे मॅडमना शोधायचं. त्याआधी तीन खेपांची, म्हणजे लागोपाठ तीन वेळा वाढवलेल्या पेशींची, कातडी सारखी आली पाहिजे. दिवाळीपर्यंत नाही आली, तर प्रयोगशाळेचे मुख्य सर काम बंद करणार. मॅडमची तीन वर्षं पाण्यात.

मी एकदा विचारलं, "अंगातली पेशी आणि बाटलीतली, फरक काय?"

मॅडम बराच वेळ बोलल्या. बाटल्या धुणारी सुमन शहापूरकडची. ती म्हणाली, "समजलं. गावठी कोंबडी नि पोल्ट्रीची कोंबडी."

मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं.

पेशींचं खाणं लाल असतं, कोकम सरबतासारखं. सरांचे एक पाहुणे उन्हातून आले. टेबलावरची बाटली उचलून म्हणाले, "वा, थंड आहे."

मी म्हटलं, "घ्या ना. जनावराच्या रक्तातलं पाणी आहे त्यात."

पाहुण्यांनी नंतर चहासुद्धा घेतला नाही.

दसऱ्याला आम्ही यंत्रांची पूजा करतो. पेशींच्या उबदार कपाटालाही हार घातला. सुमन प्रसादाचा पेढा आत ठेवायला निघाली. मॅडम धावल्या.

"आत नको, बुरशी येईल!"

"मग त्या उपाशी राहणार?"

"त्यांचं जेवण झालंय."

सुमनने तो पेढा मॅडमना खायला लावला.

पण खेपा जुळेनात. एकच चांगली आली होती, मी भाताच्या लावणीला मुरबाडला गावी रजेवर होतो तेव्हाची. बाकीच्यांची कातडी घट्ट, थंडीत खोबरेल थिजतं तशी. मॅडमनी खाणं बदललं, बाटल्या बदलल्या. शेवटी कपाटात तापमान नोंदवणारं यंत्र ठेवलं. रोज सकाळी आठला आतली ऊब उतरत होती.

"आठला इथे कोण असतं?"

"मी," मी म्हटलं. "दार उघडून पेशी बघतो. पालापाचोळ्याचा राब शेतात भाजून भाताचं बी पेरलं की रोज सकाळी रोपं बघायला जायचंच. न बघितलेलं पीक नीट येत नाय."

"किती वेळ बघता?"

"अर्धा तास. घाईचं काम मी करत नाय."

मॅडम खुर्चीत बसल्या. सुमन म्हणाली, "आमचा म्हातारा पण हंडीचं झाकण असंच उघडतो. भात कच्चा राहतो मग."

सूक्ष्मदर्शकातून काढलेला पेशींचा मोठा फोटो मॅडमनी कपाटाच्या दारावर बाहेरून चिकटवला. "काका, उद्यापासून इथे बघायचं. दार उघडायचं नाही."

पुढच्या तिन्ही खेपा जुळल्या. दिवाळीला चार दिवस होते. निकाल बघायला सर सकाळी आठलाच आले. मी फोटोसमोर उभा होतो.

"काका, काय चाललंय?"

"सगळ्या ठीक आहेत, सर. डावीकडची ती एक जरा सुकलेली वाटते."

सरांनी चष्मा पुसला आणि ते वाकून बघायला लागले.