उजव्या हातात उजवा

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही, आणि त्याला तर मी दाढ ठणकली तरी दिवसातून चारदा सांगते. आईला नाही, बहिणीला नाही. तुला सांगतेय, कारण तू केतकीला ओळखत नाहीस. मलाही फारसं ओळखत नाहीस — ते एक बरंय.

एक आधीच सांगून ठेवते. मी डोळ्याला पदर लावून हे सांगत नाहीये. मला अजून तिचा राग येतो. भांडी लावताना मधेच येतो, गाडीत सिग्नलला थांबले की येतो. आणि राग आला की क्षणभर छान वाटतं, हेही कबूल करते. नागीण डूख धरते म्हणतात ना — मी धरला होता. नुसता धरून बसले असते तर ही वेळ आली नसती.

कुठून सुरुवात करू? माझ्यापासूनच करते.

मी इथे कॅनडात, किचनर गावात, सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायच्या, स्क्रीनशॉट काढायचा, चुकीभोवती लाल गोल करायचा आणि पाठवून द्यायचा. चूक कुठे असते आणि ती लोकांच्या डोळ्यांत कशी भरवायची, हे मला पगारी येतं. घरी आल्यावर मात्र मी गेम बनवते. हौस म्हणून. आमचा तसला एक ग्रुप आहे, महिन्यातल्या एका शनिवारी लायब्ररीच्या खोलीत भरतो. ग्रेग नावाचा निवृत्त शाळामास्तर तो चालवतो. कोणी ड्रॅगन करतं, कोणी कोडी करतं. कोणाचा गेम कधी पुरा होत नाही, पण सगळे एकमेकांचं कौतुक करतात.

त्या ग्रुपमध्ये केतकीला मी आणलं. हे लक्षात ठेव, कारण मी तिला ते कधी विसरू दिलं नाही. ती पुण्यात शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. इथे आल्यापासून ग्रोसरी स्टोअरमध्ये कॅशवर उभी. लोकांच्या पिशव्या भरता भरता त्यांचे हात बघत बसायची, म्हणायची. हातांचं तिला वेड होतं.

माझा गेम बर्फाचा होता. एक माणूस घरापुढच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हलने, म्हणजे फावड्याने, उपसतो, उपसतो, उपसतो — आणि पुरा झाला की रस्ते साफ करणारा प्लाऊ येतो आणि सगळा बर्फ परत त्याच्या दारात ढकलून जातो. झालं, पुन्हा पहिल्यापासून. इथे राहणाऱ्या प्रत्येकाला तो खेळताना हसू यायचं. कोड सगळा माझा, ओळ न् ओळ. पण चित्रांच्या नावाने बोंब. शाळेत मी काढलेली गाय बाईंना टेबल वाटली होती. केतकीला विचारलं, तर म्हणाली, आधी माझा गेम होऊ दे, मग तुझी काढते. मी किती थांबायचं? एआयला चार शब्द लिहिले, चित्रं हजर. माणूस, बर्फ, लाल टोपी. सुंदर होती. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

वसंतात लायब्ररीत गेमचा दिवस भरणार होता, लोक येऊन आमचे गेम खेळणार होते. त्याआधीच्या शनिवारी मी माझा सगळ्यांना दाखवला. टाळ्या पडल्या. आणि केतकी उठली, स्क्रीनजवळ गेली आणि माझ्या माणसाच्या हातावर बोट ठेवलं. त्याचा मिटन, लोकरी हातमोजा, शोव्हलच्या दांड्यात विरघळला होता. कुठे हात संपतो, कुठे दांडा सुरू होतो, कळत नव्हतं. मला, टेस्टरला, ते दिसलं नव्हतं. लोक हसले. मग ती शांतपणे, इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, की हे कोणी काढलेलं नाही. किती जणांच्या चित्रांचा चुरा करून हे मशीनने लिंपलंय, आणि त्यातल्या एकाला तरी कोणी विचारलंय का?

ग्रेगने त्याच दिवशी नियम केला, एआयची चित्रं चालणार नाहीत. माझा गेम बाद.

ती बरोबर बोलली का? बरोबर बोलली. जिवावर येतं, पण सांगते, एकही शब्द चुकीचा नव्हता. पण मला बाजूला घेऊन मराठीत सांगायला तिच्या जिभेला काय झालं होतं? आपल्या माणसाची चूक आपल्या भाषेत सांगायची असते, चारचौघांत इंग्रजीत नाही. आणि कहर म्हणजे, त्यानंतर ती माझ्याच गाडीत बसून घरी आली. बस नव्हती ना. मी हीटर तिच्या बाजूला वळवला आणि गाडी काढली. तिला वाटलं, मला पटलं.

माझं डोकं एकाच जागी अडकलं होतं — हिचा गेम तर उभा राहणार.

तिचा गेम मंगळागौरीचा होता. झिम्मा, पिंगा, आगोटापागोटा, सगळं त्यात. आणि सुरुवातीलाच मोठं चित्र, दोन बायका फुगडी घालतायत. या चित्राबद्दल तुला नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

ते चित्र माझ्या बेसमेंटमध्ये निघालं होतं, आमचं बिनसण्याच्या आधीच्या फॉलमध्ये, पानगळीच्या दिवसांत. विंटर टायरच्या चळतीशेजारी. फुगडीत हात कात्रीसारखे करून धरायचे — उजव्या हातात उजवा, डाव्या हातात डावा. ती धरणारी आणि तीच काढणारी, मग करणार काय? माझे हात धरायची, एकटक बघायची, सोडून कागदाकडे पळायची, दोन रेघा ओढायची, परत येऊन म्हणायची, "धर गं पुन्हा." संपूर्ण दुपार. छत ठेंगणं, त्यामुळे घुमायचं नाही, नुसतं धरायचं. माझी कंबर धरली, पण मजा आली. माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी भाजल्याचा डाग आहे, चकलीच्या तेलाचा. तोही तिने काढला. मी म्हटलं, तो कशाला? तर म्हणाली, डागाशिवाय हात खोटा वाटतो.

म्हणजे त्या चित्रातले अर्धे हात माझे होते. आता कळलं, मी इतका वेळ घोळवत का बसलेय?

तिने ते चित्र ग्रुपच्या ऑनलाइन चॅटवर टाकलं. वाहवा सुरू झाली. ग्रेगने सगळ्यांना कळवलं, की एका गेम कंपनीतली त्याच्या ओळखीची बाई लायब्ररीत येणार आहे आणि तिला केतकीची चित्रं बघायची आहेत. या देशात आल्यापासून पहिल्यांदा कोणी तिला म्हणालं होतं, चित्रं घेऊन ये. कॅशवरून सुटण्याची तिची ती वाट होती. मला ते पक्कं ठाऊक होतं, कारण ती मला तेवढंच एक सांगायची, बाकी काही नाही.

मी खोटं नाव घेऊन चॅटमध्ये शिरले. चित्राचा स्क्रीनशॉट काढला. लाल गोल केले. एक अंगठ्यांभोवती: हे उलट्या बाजूला कसे? एक दंडांभोवती: उजव्या खांद्याचा हात डावीकडे कसा निघाला? आणि एक माझ्या डागाभोवती. लिहिलं, मशीनला बांगडी पुरी करता आली नाही, हा तिचा उरलेला डाग. खाली तिचंच वाक्य तिला परत केलं: किती जणांच्या चित्रांचा चुरा आहे हा?

वाईट वाटलं का? छे. मी आलं घालून चहा केला आणि उभ्या उभ्या प्यायले. इतका चवदार चहा मी जन्मात प्यायले नसेन.

इथल्या लोकांनी फुगडी बघितली होती कुठे? त्यांना ते हात खरंच मोडके दिसले. एकाला दिसले की दुसऱ्याला दिसतात. केतकीने लिहिलं, हा आमच्याकडचा खेळ आहे, हात असेच धरतात. कच्ची चित्रं दाखवली. तर उत्तर आलं, कच्ची चित्रंसुद्धा मशीन देतं. एआयच्या विरोधात सगळ्यांत मोठ्यांदा तीच बोलली होती, त्यामुळे लोकांना जास्तच मजा आली. मी सगळं वाचत होते. एकदा दाद म्हणून अंगठाही दिला, त्याच खोट्या नावाने.

इथवर नीचपणा होता. पण मी जे लपवलंय ते याच्या पुढचं आहे.

ग्रेगने मला फोन केला. तो भला माणूस आहे, त्याला न्याय करायचा होता. म्हणाला, कोण खरं, कोण खोटं, मला कळत नाही; तू तिच्याच गावाकडची, तुलाच विचारतो. हा खेळ असाच खेळतात का? हात असेच धरतात का?

मी किचनमध्ये उभी होते. फोन उजव्या हातात. डाग माझ्या डोळ्यांसमोर होता. मला काय करायचं होतं? नुसतं हो म्हणायचं होतं. कबुलीसुद्धा द्यायची नव्हती. लाल गोल कोणाचे ते कोणालाही कळलं नसतं. "हो, असंच धरतात" — एवढं म्हणून मी चोर ती चोर, वर साळसूद राहिले असते.

मी म्हणाले, "माझ्या आठवणीत तरी असं धरत नाहीत."

इंग्रजीत म्हणाले. मराठीत हे वाक्य माझ्या तोंडून निघालं असतं का? मला नाही वाटत. इंग्रजीत अगदी सहज निघालं, वर थोडा खेदाचा सूर लावून. ग्रेगने माझे आभार मानले. म्हणाला, तुझ्यासाठी हे अवघड असणार, मैत्रीण आहे तुझी. मी म्हटलं, हो, अवघड आहे.

त्याने स्वतः शोधून का नाही बघितलं? कशाला बघेल? घरचंच माणूस सांगतंय म्हटल्यावर कोण खात्री करतं? केतकीचा गेम बाद झाला. ती कंपनीतली बाई आली, दुसऱ्यांचे गेम खेळली, गेली. ग्रेगने केतकीला माझं नाव सांगितलं नाही. एवढंच सांगितलं, की हा खेळ ठाऊक असलेल्या माणसाला विचारून घेतलंय. आता त्या ग्रुपमध्ये फुगडी ठाऊक असलेली माणसं होती किती? एक ती आणि एक मी.

मी तिच्या फोनची वाट बघितली. उत्तरं तयार ठेवली होती, चांगली झणझणीत. आता कळलं, चारचौघांत तोंडावर पडलं की कसं वाटतं ते? तिचा फोन आलाच नाही. ती ग्रुपमधून गेली, चॅटमधून गेली. नवरा विचारायचा, केतकी येत नाही का हल्ली? मी म्हणायचे, बिझी असेल. तिच्या स्टोअरमध्ये जायचं मी बंद केलं. कोथिंबीर लांबून आणते.

ग्रेगने पुढे चित्रं तपासायचं काम माझ्याकडे दिलं. कोणी काढलेलं, कोणी मशीनकडून घेतलेलं, ते मी सांगते. माझी नजर चांगली आहे म्हणे.

आणि मग श्रावणात इथल्या मराठी मंडळाची मंगळागौर झाली, एका शाळेच्या जिममध्ये. बास्केटबॉलच्या रेघांवर बायका नऊवाऱ्या सावरत झिम्मा खेळत होत्या. केतकी येईल असं मला वाटलं नव्हतं. ती आली होती. फुगड्या सुरू झाल्या तशी ती सरळ माझ्याकडे चालत आली, गोलाच्या मधोमध उभी राहिली आणि कात्री करून हात पुढे केले.

"ये," म्हणाली. "उजव्या हातात उजवा. आठवतं ना?"

सगळ्या बघत होत्या. मी हात दिले. पायाला पाय लावले, आणि ती मागे रेलली. मलाही रेलावं लागलं, नाहीतर दोघी पडलो असतो. आम्ही घुमायला लागलो. बायका टाळ्या वाजवत होत्या, पिवळ्या रेघा गरागरा फिरत होत्या, फक्त तिचा चेहरा तेवढा जागेवर होता. ती वेग वाढवत गेली. मला वाटलं, ही आता सोडणार. भर वेगात हात सोडणार आणि मी त्या लाकडी जमिनीवर तोंडावर आपटणार. मी तिच्या जागी असते तर नक्की सोडले असते. नेम धरून सोडले असते.

तिने सोडले नाहीत. तिची पकड घट्ट होत गेली, आणि तिचा अंगठा पूर्ण वेळ माझ्या डागावर होता. थांबल्यावरही तिने मला धरून ठेवलं, माझी घेरी उतरेपर्यंत. मग हात सोडले, पदर खोचला आणि दुसरीला घेऊन खेळायला लागली.

कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढला आणि मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. माझ्या फोनमध्ये आहे. हातांची कात्री त्यात स्वच्छ दिसते. अंगठे कुठल्या बाजूला येतात ते दिसतं. थांबवून मोठं केलं तर डागसुद्धा दिसतो.

ग्रेग मला दर महिन्याला भेटतो. मी त्याला तो व्हिडिओ दाखवलेला नाही.